कोंडाण्याचा हिरवा ठिपका

६ जानेवारी, सोमवार

पान पांढरं! सकाळपासून एकेक आज्ञा टाइप करतेय, दर वेळी खाली 'झालं' असं येतं, आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की नुसतं पांढरं पान. अरे, चूक तरी दाखव. शिवी दे. पांढऱ्या पानाशी भांडायचं कसं?

स्वराज सर दारातून डोकावून गेले. माझ्याहून लहान आहेत, पण सर. "सिंपल आहे ना अपेक्षा मॅडम? लिनक्सवर टाकायचं, मशिनं जोडायची, झालं!" झालं म्हणे. सर्व्हर म्हणजे स्टोअरमधला एक जुना डबा, दोन्ही बाजूंना बाटल्यांच्या झाकणांचे खोके. आमची कंपनी झाकणं करते. इथला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक मशीन चालू आहे की बंद, हे आता एका पानावर ठिपक्यांत दिसायला हवं. चालू तर हिरवा, बंद तर लाल. लाल झालं की पाच मिनिटांत फोनवर मेसेज. हे उभं करायचं काम माझं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी मला कायम करायचं की नाही तेही यावरच ठरणार.

नाही जमलं तर परत पुणं. आणि बाबा गावी, कोंडाण्यात, एकटे! आई गेल्यावर त्यांच्यासाठीच तर पुण्याची नोकरी सोडून खालापूरला आले.

७ जानेवारी

पांढरं गेलं, लाल आलं. प्रगती आहे!

आता एक पान येतं, त्यावर सगळ्या तपासण्यांसमोर हिरवी खूण हवी. माझी एक लाल. वेळेचा विभाग चुकलाय म्हणे. मी शहाणीने 'आशिया, मुंबई' लिहिलं होतं. त्याला मुंबई माहीतच नाही! भारत म्हणजे त्याच्या लेखी कोलकाता. खालापूरच्या झाकणांच्या कंपनीत बसून कोलकात्याची वेळ लावली, तेव्हा कुठे हिरवं झालं.

पुढच्या पानावर: डेटाबेसशी जोडता आलं नाही. उद्या.

९ जानेवारी

पासवर्ड बरोबर. नाव बरोबर. तरी जोडत नाही. तीच फाईल किती वेळा उघडली देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण जाणत असेल तर त्याने सांगावं.

१० जानेवारी

रडले. खोक्यांच्या मागे.

११ जानेवारी, शनिवार

सापडलं. पासवर्ड लिहिला होता त्या ओळीच्या सुरुवातीला एक चौकटीची खूण (#) होती. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचतच नाही, सोडून देतं. म्हणजे इतके दिवस मी बोलतेय, बोलतेय, आणि समोरच्याने ऐकलेलंच नाही. एक खूण पुसली आणि चालू!

सरांना बोलावलं. त्यांच्या टेबलावरून पान उघडेना, माझ्याकडे उघडतं. फायरवॉल, म्हणजे डब्याचा राखणदार, बाकीच्यांना अडवत होता. "अजून नाही का झालं मॅडम?" असं हसून विचारलं. मी पण हसले. दात दिसले असतील एवढंच.

१४ जानेवारी

उघडलं! सगळीकडून! कंपनीचे सगळे ठिपके हिरवे. दोन नंबरचं मशीन मुद्दाम बंद करायला लावलं, तर ठिपका लाल आणि माझ्या फोनवर मेसेज. स्टोअरमधल्या दत्ताने तिळगूळ दिला आणि म्हणाला, "ताई, तुमी आज गोड दिसताय." इतके दिवस कशी दिसत होते ते विचारलं नाही.

१६ जानेवारी

नवं खूळ. ऑर्डरचं पान गिऱ्हाइकाला बाहेरून दिसतं का, हे बाहेरूनच तपासायला हवं. सर म्हणाले, "तुमच्या घरी एक छोटी डबी ठेवा ना मॅडम. ती बाहेरून बघत राहील."

मी लगेच हो म्हटलं. मी राहते ती भिसेगावची खोली नको म्हटलं, तिथे रेंज वाईट. कोंडाण्याला ठेवते.

रेंज कोंडाण्याला जास्त वाईट आहे. पण डबी चालू असेल तोवर ठिपका हिरवा, आणि ती बाबांच्या घरात. मला काय हवंय ते मला माहीत आहे.

१९ जानेवारी, रविवार

डबी बसवली. साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटरच, आत सिम. आईच्या फोटोखालच्या फळीवर, तिथेच जरा रेंज येते. बाबा खुर्ची ओढून समोर बसले.

"ही काय बगनार?"

"कंपनीचं पान बघेल."

"मला नाय ना बगनार?"

"नाही हो."

"मंग ठेव."

खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. भिसेगावला चला म्हणून पुन्हा एकदा सांगून पाहिलं. "तुज्या दुसऱ्या माळ्यावर मी काय कबुतरासारका बसू?" संपला विषय. फोन नेहमीप्रमाणे कपाटात, धोतरांच्या खाली. चोरीला जाईल म्हणून! वाजला तरी उचलणार कोण? आणि मला लावायचा तर त्यांना त्या काचेवर माझं नाव शोधता येत नाही.

२० जानेवारी

आत्ताच कोंडाण्याहून परत आले.

संध्याकाळी निघायच्या तयारीत होते, तर मेसेज: कोंडाणे बंद. लाल ठिपका. फोन लावला, उचलत नाहीत. पुन्हा लावला. शेजारच्या कोंडीमावशीला लावला, तिचा लागत नाही. काय काय डोक्यात आलं ते लिहीत नाही. स्कूटी काढली, पळसदरीवरून कशी आले ते आठवत नाही. कोंडाण्यात शिरले तर बाबा विहारापुढच्या ओट्यावर! मांडी घालून, कुणाला तरी आपल्या तरुणपणची कुस्ती सांगतायत.

"आगं तू? आज काय रविवार हाय?"

मेन पाडला होता. बस. घर सोडताना मेन स्विच पाडायचा, ही आईची शिस्त. एका वर्षी वीज पडून कोंडीमावशीचा टीव्ही आणि पंखा जळला, तेव्हापासून सगळी आळीच तसं करते. दाराशेजारी आतल्या भिंतीवर लोखंडी पेटी, तिची दांडी खाली ओढायची, मग कडी. बाबा ओट्यापर्यंत गेले तरी मेन पाडून जातात. मेन पडला की डबी मेली. मला हे ठाऊक होतं! लहानपणापासून बघतेय. सर्व्हर, डेटाबेस, फायरवॉल, सगळ्याचा विचार केला आणि आईची दांडी विसरले.

"तुजी आय गेली म्हून मेन पन सोडू का?" असं म्हणाले आणि मला चहा पाजला. मेन पडला की मला लगेच कळतं आणि मी घाबरून फोन लावते, हे चहा पिताना सांगून टाकलं.

२४ जानेवारी

रोज संध्याकाळी कोंडाणे लाल, दिवेलागणीला हिरवं. मी आता घाबरत नाही. उलट गंमत वाटते. लाल झालं की समजायचं, बाबांनी टोपी घातली, काठी घेतली, मेन पाडला, ओट्याकडे निघाले. पाय शाबूत आहेत, गप्पांची भूक शाबूत आहे. आज दुपारीच लाल झालं, म्हणजे कुणाकडे जेवायला गेले असणार. परत हिरवं व्हायला वेळ लागला. जेवण चांगलं असणार!

सगळी कंपनी हिरव्यासाठी जीव टाकते, आणि मी खुर्चीत बसून एका लालची वाट बघते.

२८ जानेवारी

आज सकाळीच लाल. ही वेळ त्यांची नाही. फोन केला. आणि पहिल्याच रिंगला उचलला! "जय भीम. कोन, अपेक्षा?"

"बाबा, काय झालं? मेन का पाडलात?"

"काय नाय गं. मेन पाडला की तुजा फोन येतो, म्हून पाडला. कपाटातनं काडून हातात घिऊन बसलो व्हतो."

"आणि काम काय होतं?"

"काम कसलं? आवाज आयकायचा व्हता."

बोलता बोलता मेन वर केला, तो खटका मला फोनमध्ये ऐकू आला. स्टोअरमध्ये कुणी नव्हतं ते बरं. फोन लावणं त्यांना जमत नाही, मेन पाडणं जमतं. कुणी इंजिनियर एवढं सोपं करून देणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

व्हायचं तेच झालं. मेसेज सरांनाही जातात. सर हेड ऑफिसच्या लोकांसमोर बसले होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला: कोंडाणे बंद. तिकडून कुणी तरी विचारलं, काय बंद पडलं? आल्या आल्या माझ्यावर.

"मॅडम, हे कोंडाणे रोज संध्याकाळी मरतं का?"

मरतं म्हणे! त्यांना काय माहीत! वडिलांचं घर आहे, ते मेन पाडतात, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार, झाकणांच्या कंपनीचं बाहेरचं ठिकाण माझ्या आईच्या फोटोखाली आहे?

"लाईट गेली तर समजू शकतो. पण हे रोजचं आहे. विसाव्या तारखेला आधीच्या दहा दिवसांचा रिपोर्ट जाणार, त्यात लाल दिसलं तर तुमच्या कायमचं मी बोलू तरी कसं?"

७ फेब्रुवारी

कोंडाणे रिपोर्टमधून वगळायचा प्रयत्न केला. वगळता येत असणारच, सगळ्यांना येत असेल. मी एक खूण काढली तर ऑर्डरच्या पानाचीच तपासणी बंद पडली. परत लावली तर मेसेज दुप्पट यायला लागले. सरांनाही! हात लावायची भीतीच बसलीय. चालतंय ते चालू दे.

डबीला बॅटरी लावावी असंही मनात आलं. पण मग मेन पाडलेला मला तरी कसा कळणार?

दुसरा एक उपाय आहे. सोपा आहे. करवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

बाबा पानाला चुना लावत होते. मी म्हटलं, "बाबा, आता मेन पाडू नका. बाहेर गेलात तरी."

"का गं?"

"माझ्या नोकरीचं आहे. मेन पडला की माझं लाल होतं. साहेब ओरडतात. सगळं हिरवं राहिलं तर कायम करतील, नाही तर मला पुण्याला जावं लागेल."

बाबांनी चुन्याचं बोट पुसलं. आईच्या फोटोकडे बघितलं, मग डबीकडे. मग पान तसंच खाली ठेवलं.

"अजाबात नाय पाडायचा?"

"अजिबात नाही."

"बरं. तू ऱ्हा हितंच."

निघताना मला वेशीपर्यंत सोडायला आले. दाराशी थांबले, सवयीने हात वर गेला, दांडीवर टेकला, आणि तसाच खाली आला. कडी लावली. मी बघितलं नाही असं दाखवलं. स्कूटीवर मात्र सगळा रस्ता माझा मलाच राग येत होता. एवढं मोठं धूड उभं केलं आणि एक खूण काढता येईना, म्हणून म्हाताऱ्या माणसाची सवय काढायला लावली.

१३ फेब्रुवारी

कोंडाणे हिरवं. काल हिरवं, परवा हिरवं. लाईटही गेली नाही, नवलच.

बाबा ओट्यावर गेले का? माहीत नाही. जेवायला गेले का? माहीत नाही. हिरवं आहे म्हणजे डबी चालू आहे, एवढंच. फोन केला तर कपाटातच वाजत राहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाणार होते. सरांनी रिपोर्टसाठी बोलावून घेतलं. गेले नाही.

कोंडीमावशीला फोन केला, लागला. म्हणाली, "हायेत गं बरे. जरा गप असतात. मेनकडं बगत बसतात." हसली. मीही हसले. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

झाले कायम! रिपोर्टमध्ये सगळं हिरवं, कोंडाणे शंभर टक्के. सरांनी पडद्यावर मोठं करून दाखवलं आणि म्हणाले, "हे उभं केलं अपेक्षा मॅडमनी." टाळ्या वाजवल्या लोकांनी. दत्ताने पेढे आणले.

संध्याकाळी बाबांना सांगायला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, नाही. कपाटात असणार. पान उघडून बघितलं, ठिपका हिरवागार. मग म्हटलं, राहू दे, रविवारी पेढे घेऊनच जाते. आणि सांगते: बाबा, आता खुशाल पाडा मेन. साहेबांशी काय भांडायचं ते मी भांडेन.

२१ फेब्रुवारी. कर्जत, दवाखाना

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलंय. बोलतायत.

काल संध्याकाळी ओट्यावरून आले, दाराला आतून कडी लावली, वळले आणि पडले. सकाळी उन्हात दिसले नाहीत म्हणून कोंडीमावशीने लोक बोलावून दार तोडलं, तोवर तिथेच होते. दाराशी. मेनच्या खाली. माझा फोन वाजताना त्यांना ऐकू येत होता.

काठी हातात होती. दांडीला पोचत होती. मी विचारलं, बाबा, मेन का नाही पाडलात? मला लगेच कळलं असतं.

"लावली व्हती काठी दांडीला. मंग म्हनलं, तुजी नोकरी जायाची. ऱ्हायलं ना गं हिरवं?"