बैलाच्या चालीची साक्ष

१६ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टरबाई पत्रकाचा मसुदा घेऊन आल्या. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आल्यापासून मराठी माझ्याकडून तपासून घेण्याची त्यांना सवय लागली आहे. सवय चांगली आहे. पशुवैद्यक, वय तिशीच्या आत, कुठल्याशा प्रकल्पावर वर्षभरासाठी आमच्या भागात. काम असे की गुरांचे लंगडणे डोळ्यांना दिसण्याआधी कॅमेऱ्याने ओळखायचे. हा कॅमेरा प्रकाश टिपत नाही, धग टिपतो. मोबाइलला जोडला की जनावर निळे-जांभळे दिसते. सूज किंवा पू असेल तेथे पिवळे, फारच झाले असेल तर पांढरे.

मसुद्यात शीर्षक होते, 'थर्मल इमेजिंगद्वारे लंगडेपणा डिटेक्ट करणे'. खोडले. 'उष्माचित्रणाने लंगडेपणा ओळखणे' असे करून दिले. त्या म्हणाल्या, "सर, उष्माचित्रण कुणाला कळणार?" डिटेक्ट कुणाला कळते, असे मी विचारले. हसल्या, पण शब्द ठेवला.

माझा मुलगा चि. बसवराज ओट्यावर बसून ऐकत होता. पशुसेवेची पदविका घेतल्यापासून तो गावोगाव फिरून गुरांना औषधपाणी करतो. लोक त्यालाच डॉक्टर म्हणत. भूतकाळ मुद्दाम योजला आहे. बाई आल्यापासून बोलावणी कमी झाली. तो पुसलेली मोटारसायकल पुन्हा पुसत राहिला.

माझे गुडघे तसेच दुखत आहेत.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी ज्ञानोबा आला. माझा जुना विद्यार्थी; रान ओढ्यापलीकडे. वेळ अमावास्येच्या सणाच्या सुमारास त्याच्या जोडीतला एक बैल सर्पदंशाने गेला. ज्वारी काढून झाली, कडबा रानात पडून आहे, आणि गाडीला बैल एकच. उद्या मुरूमच्या गुरांच्या बाजारात जोडीदार पाहायचा. मी बरोबर यावे अशी विनंती.

"गुर्जी, तुमी नुसतं हुबं ऱ्हावा. तुमच्यापुढं खोटं बोलाया त्यांची जीभ वळत न्हाय."

आमच्याकडे बैल घेताना साक्षीला जाणता माणूस नेतात. त्याने चाल पाहून शब्द दिला की सौदा पक्का. पुढल्या बाजारापर्यंत परतीची बोली असते. मात्र परत करायचा झाल्यास त्याच साक्षीदाराने व्यापाऱ्यापुढे उभे राहून खोड कोणती आणि आधी ती का दिसली नाही, हे सांगावे लागते. वडिलांच्या पश्चात हे काम माझ्याकडे आले. माझ्या शब्दावर घेतलेला एकही बैल आजवर परत गेलेला नाही.

होकार दिला.

२० फेब्रुवारी

पहाटेच चि. बसवराज औषधांची पिशवी घेऊन बाहेर पडला. कोठे, ते सांगितले नाही. आम्ही नंतर निघालो.

बाजारात धूळ फार. बरेच बैल पाहिले. एकाची मान खाली, एकाची नजर वाईट. अखेर लाल पटक्याच्या एका व्यापाऱ्याकडे देवणी जातीचा बैल मिळाला. पांढरा, कानांपाशी काळा, अंगाने भरलेला. कठीण जमिनीवर चालवून पाहिला, मग पळवून. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर नेमका पडत होता. पाऊल टाकताना मान हलत नव्हती. वळताना पाय चोरीत नव्हता. व्यापारी मधूनमधून माझ्याकडे पाहून उगाच हसत होता. ते मला आवडले नाही, पण हसणे ही बैलाची खोड नव्हे.

ज्ञानोबा बैलाकडे पाहतच नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"चाल सरळ आहे," मी म्हणालो. सौदा झाला.

परतल्यावर त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, बैलाला ओवाळले. चहा घ्यावाच लागला. साखर जास्त.

२२ फेब्रुवारी

ज्ञानोबाच्या गोठ्यात जाऊन आलो. बैल उठायला वेळ लावतो. उजवा पुढचा पाय टेकतो, पण त्यावर भार देत नाही, असे मला वाटले. तसे बोललो. ज्ञानोबाने मनावर घेतले नाही.

"नवी जागा हाय, गुर्जी. नवी नवरी बी चार दिस लाजती."

रुक्मिणी शेणाची पाटी उचलता उचलता म्हणाली, "म्या आले तवा दुसऱ्या दिशीच बारा मानसांच्या भाकरी थापल्या. मला कुनी लाजू दिलं न्हाय."

दोघे हसले. मला हसू आले नाही.

२३ फेब्रुवारी

ऊन येण्याआधी डॉक्टरबाईंना घेऊन ज्ञानोबाच्या गोठ्यात गेलो. उन्हाने चित्र फसते, चिखलाशेणानेही फसते. त्यांनी चारही खूर धुतले, पुसले, वाळू दिले आणि मग कॅमेरा धरला. तीन पाय निळे-जांभळे. उजव्या पुढच्या पायाचे केस संपून जेथे खूर सुरू होतो ती कडा पिवळी. आतल्या बाजूस पांढरी.

बाईंचे म्हणणे असे: दुखणे दोन दिवसांचे नव्हे. पू जुना आहे. बैल बाजाराच्या आधीपासून लंगडत असणार.

मग बाजारात सरळ कसा चालला, असे मी विचारले. त्यांनी कॅमेरा वर नेला. मानेच्या डाव्या अंगाला रुपयाएवढा पिवळा ठिपका होता. तेथे हात लावताच बैलाने कातडी थरथरविली.

"इथं सुई टोचलीय, सर. बाजाराआधी, आणि मोठा डोस. त्यानं दुखणं झोपतं. पू झोपत नाही."

खूर कोरून पू काढावा लागेल. हाडापर्यंत गेला असल्यास जुवाखाली हा बैल कधीच चालणार नाही. मात्र एकदा खूर कोरला की व्यापारी परत घेणार नाही. तेव्हा ठेवायचा की परत द्यायचा, ते आधी ठरवा, असे त्यांनी ज्ञानोबाला समजावून सांगितले. ज्ञानोबाने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे मान हलविली.

"बाई, तुमचं यंत्र काल आलं. गुर्जींची नजर मी पोर हुतो तवापासनं बघतोय. गुर्जी म्हनले सरळ, म्हंजी सरळ."

वाटेत बाईंनी विचारले, "बाजारात अशा सुया कोण देतं, सर? तुम्हाला माहीत असेल." नाव कळले तर तक्रार करणे त्यांना भाग आहे, त्या माणसाची नोंदणी रद्द होईल.

मी म्हणालो, सुई दिली गेली असावी खरी. कर्ता गाळून वाक्य केले. मुलांच्या वह्यांत अशा वाक्यासमोर मी लाल प्रश्नचिन्ह करीत असे.

जेवण नको वाटले.

२४ फेब्रुवारी

चि. बसवराजला विचारले. त्याने नाकारले नाही. हे त्याच्या बाजूने नोंदवितो.

"दिली. दुखत हुतं त्याला, थांबवलं. डाक्टरीनबाई बी तीच सुई देत्यात."

त्या बरे करण्यासाठी देतात, असे मी म्हणालो.

"आनि म्या मारायला देतो व्हय? बाई आल्यापासनं माझ्या दारात कोन येतंय, अप्पा? यापारीच तेवढं येत्यात. जनावर खपस्तवर हुबं ऱ्हावं, एवढंच त्यांचं मागनं."

तो मग खाली पाहून म्हणाला, "तुमाला ज्ञानोबासंगं बघितलं म्या. टेम्पोच्या मागं हुतो. तुमी नेमकं त्याच बैलापुढं जाऊन हुबं ऱ्हायला. कसा येऊ पुढं?"

"आला असतास तर मी शब्द दिला नसता."

"तेच की."

पुढचे तो कानडीत बोलला. संतापला की त्याला आईची भाषा आठवते. ते येथे लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी

ज्ञानोबाकडे गेलो. बैल परत कर, माझी पारख चुकली, असे सांगितले. व्याकरण शुद्ध; विधान खोटे. माझी पारख चुकलेली नाही. जे मला दाखविले गेले, ते मी अचूक पाहिले.

त्याने ऐकलेच नाही. उलट माझीच समजूत घातली. "तुमी न्हाई चुकत, गुर्जी. त्या बाईनं तुमाला भ्या घातलंय. उद्या गाडीला जुंपतो, मोकळा झाला की बघा कसा पळतोय."

जुंपू नकोस, असे दोनदा बजावले. बैल बसून होता. उजवा पाय पुढे लांब सोडलेला, जणू तो त्याचा नव्हेच.

निघताना रुक्मिणी कुंपणापर्यंत आली. दोन दिवस ती खुराला हळदीचा लेप लावीत आहे. "तव्यावानी तापलाय, गुर्जी. हात ठिवू देत न्हाय. ह्यांना नुसतं चुकलं म्हनून पटायचं न्हाय. सरळ चालला तर का चालला, त्ये सांगा. मंग ऐकतील."

का, ते मी सांगितले नाही. बरे बघू, असे म्हणालो. बरे बघू. हे वाक्य कोणत्याही प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

२६ फेब्रुवारी

ओढ्याच्या चढावर बैल पुढच्या गुडघ्यांवर आला. कडब्याची गाडी भरलेली. उलटली नाही, एवढेच. निरोप आला तसा काठी घेऊन गेलो. ज्ञानोबाने त्याला मारले नव्हते. जू सोडून त्याच्याशेजारी मातीत बसला होता. दुसरा बैल उभ्यानेच गाडीतला कडबा ओढून खात होता.

मला पाहून ज्ञानोबा उठला. आजवर तो माझ्यासमोर बसून कधी बोललेला नाही, आजही नाही.

"उद्या परत न्यायचा, गुर्जी. टेम्पो सांगतो. तुमी येताल नव्हं?"

येतो, असे म्हणालो.

व्यापारी काय म्हणेल, ते उघड आहे: गाडीला जुंपून तूच मोडलास. त्यावर उत्तर एकच. २३ तारखेचे चित्र जुंपण्याच्या आधीचे आहे. त्यात खूर आहे आणि मानही आहे. डॉक्टरबाई बैठकीसाठी धाराशिवला गेल्या आहेत. तेथून त्यांनी ते माझ्या मोबाइलवर पाठविले. ते दाखविले की सुई कोणी दिली, हा पुढचा प्रश्न. तो कोणी न विचारला तरी व्यापारी स्वतःच उत्तर देईल, चारचौघांत, माझ्याकडे बोट करून.

जेवताना सून, सौ. महानंदा, वाढता वाढता थांबली. व्यापाऱ्याचा बसवराजला फोन आला होता. वडिलांना आवर, नाव निघाले तर मी एकटा बुडणार नाही, असे तो म्हणाला. हे तिने सांगितले आणि भाकरीची दुरडी खाली ठेवली.

"मामा, बैल परत गेला तर तो उद्या दुसऱ्याच्या दावनीला बांधतील. ह्यांची नोंदनी गेली तर ह्यांना कुनाच्या दावनीला बांधायचं?"

तिचे पहिले वाक्यही खरे आहे. परत गेलेला बैल कोणीतरी पुन्हा सुई देऊन उभा करील. दुसरा ज्ञानोबा, दुसरा साक्षीदार. म्हणजे केवळ परत करून भागणार नाही. कसा उभा केला जातो, हेही बाजारात बोलावे लागेल. मग आणखी नावे निघतील, आणि त्यांत पहिले...

अर्धी भाकरी ताटात राहिली.

२७ फेब्रुवारी

दिवस नुकताच उगवला आहे. धोतर नेसून, काठी आणि मोबाइल घेऊन तयार होतो. टेम्पो दारात येऊन थांबला. मागे हौद्यात बैल नव्हता.

ज्ञानोबा त्याला चालवत घेऊन आला. गल्लीच्या टोकापासून आमच्या अंगणापर्यंत. चेहरा उजळलेला.

"बघा, गुर्जी. तुमचे बसूअण्णा पहाटं गोठ्यात आले हुते. पायात सुई दिली, बघता बघता हुबा केला. पैसं बी घेतलं न्हाईत. पाय चमकला हुता नुसता. तुमचंच खरं हुतं पयल्यापासनं."

रुक्मिणी मागे उभी होती. तिने मान वर केली नाही.

बैलाला त्याने अंगणात फिरवून आणले. एकदा, पुन्हा एकदा. मी ओट्यावरून उतरून खुरापाशी हात नेला. रुक्मिणी म्हणाली होती तशीच धग, किंबहुना अधिक. या वेळी बैलाने पाय ओढून घेतला नाही. मी बोटाने दाबले, तरीही नाही.

परतीची बोली आज संपते. आज नेला नाही तर तो कायमचा ज्ञानोबाचा.

टेम्पोवाल्याला घाई आहे. ज्ञानोबाने कासरा हातात आवळून धरला आणि मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे विचारले, "एकवार तुमच्या तोंडानं म्हना, गुर्जी. सरळ हाय ना? मंग टेम्पो माघारी लावून देतो."

चष्मा आणतो, असे सांगून आत आलो. चष्मा डोळ्यांवरच होता. उंबऱ्यात चि. बसवराज उभा होता. बाह्या दुमडलेल्या, हात ओले. मी जवळून गेलो तेव्हा त्याने भिंतीला टेकून वाट दिली आणि "अप्पा" इतकेच म्हणाला. सौ. महानंदा चुलीपाशी पाठ करून बसली आहे. चहा उतू जातो आहे, तिकडे तिचे लक्ष नाही.

चित्र मोबाइलवर उघडून समोर ठेवले आहे. व्यापाऱ्यापुढे काय सांगायचे, ती वाक्ये काल मनाशी नीट जुळवून ठेवली होती. ती बाजारासाठी होती. अंगणातल्या एका माणसासाठी, ज्याच्यामागे माझाच मुलगा उभा असेल, त्याच्यासाठी एकही तयार नाही.

टेम्पोवाल्याने दुसऱ्यांदा भोंगा वाजविला. मी वेळ लावतो आहे म्हणून ज्ञानोबा बैलाला पुन्हा फिरवीत असावा. फरशीवर खुरांचा आवाज येतो आहे. चारही पावले सारखी पडत आहेत.