बारवेतला ड्रॅगन

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ड्रॅगनला ड्रॅगन कावून म्हनतेत?" तुम्ही मला सांगितलं होतंत तेच सांगून मोकळी झाले. नाव जुन्या ग्रीकांचं, बहुधा 'बघणं' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. टक लावून राखण करतो तो ड्रॅगन. वर्गानं वहीत लिहून घेतलं. माझं मन मात्र दिवसभर थाऱ्यावर नव्हतं.

तो दुष्काळ आठवतो ना? गुरं छावणीला गेलेली, दूध संस्थेचे कॅन पालथे पडलेले. तुमच्या स्वयंपाकघरात आपण कोरा चहा पितोय. पाणीपुरवठा संस्थेनं गावची जुनी बारव उपसायची ठरवलीय, पण आत राखणदार नाग आहे म्हणून पायऱ्या उतरायला कुणी तयार नाही. त्याला वरूनच नारळ द्यायचा आणि मागं फिरायचं, ही गावाची रीत. संस्थेच्या सभेत मी, तुमच्याच शाळेतली नवी शिक्षिका, चार शब्द बोलून लोकांची भीती घालवावी, असं तुमच्या मनात. पुस्तकी बोलणं तुम्ही शाळेतच ठेवून येत असा. चुलीपुढून बजावता, "चीनचा ड्रॅगन सांग गं. त्यो पाऊस आनतो, त्याला कुनी मारीत न्हाई."

सभेत मी सांगितला वृत्र. पाणी अडवून बसलेला महासर्प, इंद्राचं वज्र, धो धो सुटलेल्या नद्या. मग युरोपातले, आग ओकणारे, भाल्यानं मारलेले. काय टाळ्या पडल्या! मला टाळ्याच हव्या होत्या, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बारवेत उतरली ती कुदळीआधी काठ्या घेऊन. कपारीतून धामण निघाली. लांबलचक, म्हातारी, बिनविषारी, उंदरांवर जगणारी. दुपारी तुम्ही आलात तेव्हा ती पायरीवर ठेचलेली पडली होती. खाली गाळ, गाळाखाली कोरडा ठणठणीत खडक. तुम्ही पदरानं तोंड झाकलंत आणि मला एवढंच विचारलंत, "तू व्हतीस का गं हितं?" मी म्हटलं, नाही बाई, आत्ताच आले. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात. "आसतीस तर आडवलं आसतंस, मला ठावं हाय." तो हात मला आजही सोसत नाही.

बाई, मी होते. अगदी वरच्या पायरीवर. पहिली काठी उगारलेल्या माणसानं थांबून मला विचारलं होतं, "मॅडम, इख न्हाई हिला. मारू का?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली, हो म्हणून.

तुमच्या शेवटच्या आजारपणात तीन दिवस उशाशी बसले, पण जीभ रेटली नाही. आता पत्र पोचायला जागाच उरली नाही, म्हणून लिहायचा धीर झाला.