'कंडोन' कोण करतं

१२ मार्च, बुधवार. बारामती.
आधी फक्त क्रम.
१. काल सकाळी ९.४० ला कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीतला पंप अडकला.
२. फिटर इब्राहिमभाई टाकीत उतरले. वय ४६, राहणार वडगाव निंबाळकर, कंत्राटी.
३. उतरण्याआधी टाकीतला विषारी गॅस मीटरने तपासायचा असतो. मीटर जानेवारीपासून दुरुस्तीला. परमिटवर केमिस्ट म्हणून सही माझी. 'गॅस तपासणी'च्या रकान्यात मी आडवी रेघ मारली.
४. ९.५५ ला वरून हाक मारली. उत्तर नाही.
५. दवाखान्यात ११ वाजता मृत घोषित.
६. संध्याकाळी मॅनेजरसाहेब म्हणाले, "खुलासा इंग्रजीत द्या, वर पाठवायचाय." अर्ध्या तासात दिला.

१३ मार्च
लॅब चालू. नमुने नेहमीसारखे. इब्राहिमभाईंच्या घरी जायला हवं. गेले नाही.
टाकीपाशी ते दर वेळी म्हणायचे, "मॅडम, वास येतोय न्हवं? मंग मी जिता हाय." मी सांगितलं होतं, गॅस फार वाढला की नाक बधिर होतं, वास येणंच थांबतं. तर म्हणाले, "मंग नाकाचंबी परमिट काढा."
हसले होते मी. आणि सही केली होती.

१५ मार्च
मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. माझाच खुलासा समोर, एका वाक्याखाली लाल शाई. 'आय कंडोन द एंट्री विदाउट गॅस टेस्ट.'
मला म्हणायचं होतं, तपासणीशिवाय उतरवलं याबद्दल दिलगीर आहे.
"म्हणजे तुमच्या माहितीत, तुम्ही चालवून घेतलं. आम्ही काही म्हणत नाही. शब्द तुमचा आहे."
अहवाल २४ ला सरकारी तपासनिसांकडे जाणार. 'जबाबदार' पुढे एकच नाव. माझं.
खोलीवर येऊन शब्दकोश पाहिला. बरोबर आहे त्यांचं.
शब्द कुठून आला तेही आठवलं. कॉलेजात शेवटच्या वर्षी काविळीने हजेरी कमी पडली. क्लार्कने अर्ज सांगितला, 'काइंडली कंडोन…' मी उतरवून घेतला. आमच्यात सगळे त्याला माफीचा अर्ज म्हणायचे. तेव्हापासून माझ्या डोक्यात कंडोन म्हणजे माफी मागणे. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय मी थेंब घेत नाही. हा शब्द सहा वर्षं तसाच, न वाचता घेतला.

१६ मार्च, रविवार. लासुर्णे.
घरी. तात्यांना कागद दाखवला. तात्या म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. इंदापूरच्या कोर्टात कारकून होते. चष्मा लावून दोनदा वाचलं.
"कंडोन कोर्ट करतं, पोरी. दावा लावाया ज्याला उशीर झाला त्यो निस्ता हात जोडतो."
"मग मी काय केलं?"
"तू जज झालीस. बिनपगारी."
आई आतून ओरडली, "तिला हसू नका हो!" तात्या हसत नव्हते. चष्मा काढून म्हणाले, "चूक डोळ्यानं दिसती, थांबवायचा अधिकार हाय, तरी चालू द्यायचं. त्याला कंडोन म्हंत्यात. तुला थांबवता येत हुतं का?"
मी चहाचे कप उचलून आत नेले.

१७ मार्च
वाक्यात उपयोग, शाळेसारखा.
मॅनेजरसाहेबांनी कंडोन केलं. बरोबर. २ फेब्रुवारीला मीटरची आठवण मोबाइलवर पाठवली होती. उत्तर: वर केलेला अंगठा.
इब्राहिमभाईंनी कंडोन केलं. चूक. कंत्राटी माणसाला नाही म्हणायची सोय नसते.
मी कंडोन केलं.
जेवणाच्या सुट्टीत परमिट-बुक काढलं. मीटर गेल्यापासून नऊ परमिट, नऊ रेघा. 'तपासले' अशी खोटी खूण एकदाही नाही. त्या रेघेचा मला अभिमान होता. माझ्या मते रेघ म्हणजे प्रामाणिकपणा. पण सहीच्या वर छापलंय: तपासणीशिवाय परमिट देऊ नये. अडवायचा अधिकार केमिस्टचा.
माझ्या त्या वाक्यात चूक एकच निघते. काळ. वर्तमान नको, भूत हवा.

१८ मार्च. वडगाव.
अर्धी रजा टाकून गेले. रुक्सानाभाभी, त्यांच्या पत्नी, आतल्या खोलीत. पाण्याचा तांब्या समोर ठेवला. खुंटीवर त्यांचा कारखान्याचा शर्ट, धुतलेला.
"तुमच्या हापिसातला माणूस आला हुता. म्हन्ला, मॅडमनी लिवून दिलंय, आता मिटलं. काय लिवलंय तुमी?"
"इंग्रजी शब्द आहे, भाभी. त्याचा अर्थ जरा…"
"मराठीत सांगा की. मला तेवढंच येतंय."
सांगितलं. "टाकी तपासलेली नाही, हे मला माहीत होतं. थांबवलं नाही."
त्यांनी खुंटीवरच्या शर्टाची बाही सरळ केली. मग, "तुमी एकट्यांनीच?"
"नाही."
"मंग एकट्याचं का लिवलं?"
निघताना म्हणाल्या, "त्ये म्हनायचे, मॅडमची सही असली की मला भ्या वाटत न्हाय."
पाणी प्यायले नाही. बसमध्ये आठवलं.

१९ मार्च, बुधवार
तात्यांना फोन केला. म्हणाले, "वरनं दबाव हुता, म्हनून सही केली, आसं लिही. वाचशील." नको म्हटलं. "मंग नोकरी गेली समज."
समजले.
पत्र सकाळी दिलं, मराठीत. पोच घेतली. एक प्रत वडगावला. नक्कल इथे:

मा. मॅनेजरसाहेब,
दि. ११ चा माझा खुलासा मी मागे घेत नाही, दुरुस्त करते. 'मी' च्या जागी 'आम्ही' वाचावे. आम्ही म्हणजे आपण आणि मी. टाकी तपासली जात नाही हे दोघांना माहीत होते. थांबवण्याचा अधिकार दोघांना होता. दोघांनी चालू दिले. इब्राहिमभाईंची चूक नाही. सोबत नऊ परमिटांच्या प्रती आणि २ फेब्रुवारीचा निरोप, आपल्या अंगठ्यासह.
हे पत्र दि. २४ ला जाणाऱ्या अहवालाला जोडणार किंवा नाही, ते शुक्रवार, दि. २१ मार्च, सायंकाळी ५ पर्यंत लेखी कळवावे.