झियोनेच्या चुलीचा धूर

चिसेका, २ फेब्रुवारी

चि. बाउलेनी यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी बहीण लेझिना वारून तीन महिने झाले. तिची तिन्ही मुलं त्यांच्या स्वतःच्याच घरात सुखरूप आहेत. चौदा वर्षांची झियोने धाकट्या दोघांचं आईच्या वरताण करते. दलित्सो आणि फालेसी दुपारी गावसमितीच्या बालकेंद्रात लापशी खातात. आम्ही समितीच्या बायका पाळीपाळीने लक्ष ठेवतो. उजाडताच त्यांच्या चुलीचा धूर दिसला की आमचा जीव भांड्यात पडतो. आजवर एक दिवस चुकलेला नाही.

मुलांना नातेवाइकांत वाटून टाकायचं खूळ तेवढं डोक्यातून काढ. लहानपणी तूही माझ्या पाठीवरून उतरायला तयार नसायचास, विसरलास का?

तुझ्या खुशालीची वाट पाहणारी,
एनेलेसी


मचिंजी, ११ फेब्रुवारी

ती. एनेलेसी मावशीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि झोपच उडाली. हे ऐन उपासमारीचे दिवस, इथल्या बाजारातही मका मिळेना. मग ती पोरगी शिजवते काय? तुमच्यापैकी कुणी कधी झाकण उचलून पाहिलंय? की लांबूनच धूर बघायचा आणि गप्पा मारत विहिरीवर जायचं?

तुला लागेल, पण मी मामा आहे. उद्या काही झालं तर आपल्यात जाब मामालाच विचारतात. शनिवारी, चोवीस तारखेला मालकाची गाडी घेऊन येतो. झियोने माझ्याकडे, दलित्सो थोरल्या भावाकडे, फालेसी झोम्बाला ताईकडे. तिघं एका घरात मावत नाहीत, माझा इलाज नाही.

माझं बोलणं मनावर घेऊ नकोस, लोभ आहेच.
बाउलेनी


चिसेका, १९ फेब्रुवारी

चि. बाउलेनी यास अ. आ.

तुझं बोलणं झोंबलं, म्हणूनच काल सकाळी झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं. पीठ संपून वीस दिवस झाले होते, म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही भांडं रिकामंच होतं. झियोने भोपळ्याच्या पानांवर जगत होती, तीही रोज मिळत नव्हती. मी ओरडले, तर म्हणाली, धूर थांबला असता तर मामा आले असते आणि आमची वाटणी केली असती. मला माझीच लाज वाटली रे, तिच्यासमोरच रडले.

आता समितीने ठरवलंय: जिची पाळी, तिने आपलं पीठ घेऊन त्यांच्याच चुलीवर रांधायचं आणि मुलांबरोबर बसून जेवायचं. कालची पाळी मीच घेतली. मुलांसाठी पेरलेल्या समितीच्या शेतातली कणसं मार्चअखेर खायला येतील. तोवर निभेल का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. निर्णय तुझा आहे. झियोनेची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

मावशीवर रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
एनेलेसी


ती. मामांस सा. न. वि. वि.

धूर खोटा होता. माझं चुकलं. कालपासून खरा आहे. एनेलेसी आजीने मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा केला आणि मला तीनदा वाढला.

शनिवारी नक्की या, झाकण तुम्ही स्वतः उचला. पण मालकाची गाडी आणू नका, सायकलवर या. सायकलवर मागे एकच जण बसतो, आणि आम्ही एकेकटे कुठेच जात नाही.

तुमची भाची,
झियोने