ओवीचा डावा पाय

९ जून
गाडी वाटेत थांबून राहिली. रोह्याहून वेळेत निघूनही पेणला हॉस्पिटलात उशीर. डॉ. वैतागलेले.
बाकावर एक जोडपं, मांडीवर दीड महिन्याची ओवी. डावा पाय आत वळलेला, तळवा वर. आई वनिताने त्यावर पदर टाकलेला, कुणाला दिसू नये म्हणून. मी पदर बाजूला केला, तर बाईसाहेबांनी मोठी जांभई दिली. जाम आवडली पोरगी.
दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय हळूहळू सरळ आणायचा. प्लास्टर घालणं माझं काम, पहिलं आज घातलं. बाप सुनील पेणच्याच एका गणपती कारखान्यात. म्हणे, "मी पन प्लास्टरमदलाच, मॅडम." बरं वाटलं. निदान हा घाबरणार नाही.

१६ जून
नको इतका धीट निघाला!
ओवीच्या पायावरचं प्लास्टर माझं नव्हतंच. गुळगुळीत, वरून पॉलिश पेपर मारलेला, पाऊल मूर्तीसारखं सरळ. बोटं आत गडप. भिजवून सोललं. बोटं सुजलेली, पण गुलाबी. म्हणजे रक्त पोचतंय. सुटले.
मग तोंड सोडलं. बाहेर बाकापर्यंत ऐकू गेलं असणार. सुनील मान खाली घालून, "तुमचा वाकडा बसला व्हता. मूर्तीचा पाय वाकडा निंगाला तर आमी ओला हाय तवरच सरल करतो. तसाच केला."
वनिता, "मी बोल्ले, हात नको लावू. आयकतो कोन?"
पहिलं प्लास्टर वाकडंच दिसतं, पाय एकदम ओढायचा नसतो, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, मूर्तीला दुखत नाही रे. तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलं. माझा राग तिथेच विरला. नवीन प्लास्टर घातलं.

२३ जून
आज पाय सुनीलला धरायला लावला. डॉ. म्हणाले, तुझी जबाबदारी. असू दे. घरी बूट बांधायचे तेव्हा मी थोडीच असणार आहे.
टाचेला हात नाही, अंगठा इथे, जोर एवढाच. त्याच्या हातावर माझा हात. रंगाचे डाग नखांत, पण पकड अशी की ओवी दूध पिता पिता झोपली. तो श्वास रोखून. मी पट्टी गुंडाळली.
"मूर्तीचे डोले आखताना असाच बसतो," वनिता कुजबुजली. "कोनी खोकला तरी चालत नाय."

१४ जुलै
डॉ.नी टाचेमागची शीर सैल केली. बारीकसं काम, पण वनिता बाहेर भिंतीला टेकून उभी. शेवटचं प्लास्टर, हे तीन आठवडे राहील. सुनीलने धरलं. आता सांगावं लागत नाही.

४ ऑगस्ट
सरळ! वनिता रडली, मीही. डॉ. खिडकीबाहेर बघत होते.
मग बूट. दोन चिमुकले, मध्ये त्यांना जोडणारी दांडी. तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, नंतर झोपेत, चार वर्षांपर्यंत. सोडले तर पाय परत वळतो.
सुनील बूट हातात फिरवत, "आमचा काम डोले आखले का संपतो. हिचा कवा?"
गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. नाही नेली.

२० ऑगस्ट
तपासणीला आले नाहीत. फोन उचलत नाहीत. गणपती तोंडावर, सगळ्या पेणमध्ये टेम्पो भरतायत. बूट कुठेतरी कोपऱ्यात पडले असणार, मनात शिव्या घालत कारखान्यात गेले.
मूर्तींच्या रांगेमागे झोळी. त्यात ओवी. पायात बूट.
माझा चेहरा बघून वनिता हसली. "सासूबाय बोलतात, काड गो, पोर झोपल कशी? पन हा आदी सगल्यांना गप करतो, मगच बूट बांदतो. आमी खोकत पन नाय."
सुनील उठलाच नाही. डोळे आखत होता. मी पण खोकले नाही.

१२ सप्टेंबर
ओवी मला बघून हसली. पहिल्यांदाच.
बूट काढले. टाच किंचित वर वाटली. पाय परत वळतोय? दोनदा हात फिरवला. खरंच आहे, की माझंच भय? डॉ. उद्या बघतील. परत प्लास्टर लागेल का, काय सांगू यांना... सांगितलं. दोघांनाही, होतं तसंच.
वनिताने पदर हातात घेतला, पण पायावर टाकला नाही.
सुनील उठला. नळावर जाऊन साबणाने हात धुऊन आला आणि ओवीच्या पायाशी बसला, मी सांगेन तिथे धरायला.