शेवटच्या वलांडीची जागा

आये, मी सातवीपर्यंतच शिकलो, लिहिण्यात चुका होतील. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याची लाज नाही. गेला महिनाभर छातीत धडधडतं. सुनेला सांगितलं की ती गॅसची गोळी देते आणि टीव्हीकडे वळते. मग तुलाच सांगतो.

डोळ्यांसमोर सारखं एकच येतं: मी बारा वर्षांचा आहे, आपण वाळवणात बोंबील घालतोय. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबू रोवून बांधलेल्या वलांडीच्या दोरीवर टाकतोय. बाबांच्या होडीवर उत्तरेकडचा एक खलाशी होता. त्याची बायको तान्हं पोर घेऊन गावाहून आली होती आणि त्यांना कोणी खोली देत नव्हतं. तू नाल्याकडची शेवटची वलांडी उपटलीस आणि तिला म्हणालीस, "इथं बांध गो झोपडं. आम्ही बोंबील जरा दाटीनं घालू." बाबा भडकले, "आज जागा दिलीस, उद्या डोक्यावर बसतील." तू म्हणालीस, "अख्खी टोपली वाहते मी डोक्यावर. एक बाई जड नाय व्हनार." बाबाच हसले. पुढे मी तिला एकदा भय्यीण म्हणालो, तेव्हा मासळीच्या ओल्या हातानं तू माझ्या थोबाडीत दिलीस. तो वास दोन दिवस गेला नाही. ती तुझ्याकडून जबडे अडकवायला शिकली, आपली बोली शिकली. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी मरोळच्या कारखान्यात डबल पाळी करत होतो. तुला पेज भरवायची ती.

गेल्या महिन्यात सरकारी माणसं कोळीवाड्याची हद्द मोजायला आली. त्या जागेवर आता तिच्या लोकांची बारा घरं आहेत. दोन्हीकडची माणसं जमली होती. आपल्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष म्हणाला, "काकांना विचारा साहेब, यांच्याइतकं जुनं माणूस नाय इथं." मोजणीवाल्यानं विचारलं, "आजोबा, ही घरं कोणाच्या परवानगीनं झाली?"

मी म्हणालो, "कोणाच्याच नाय. घुसले."

ती दारातच उभी होती, कमरेत वाकलेली. म्हणाली, "असा काय बोलतंस रं? तुझ्या आयेनं दिली ना जागा? तू व्हतास ना?"

"मला नाय आठवत," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी आपल्या पोरांनी तिच्या घराचे पत्रे ओढले. तिकडून बांबू आले, इकडून वल्ही. आपल्या शेजारच्या पोराच्या दंडावर कोयता बसला. आणि तिचा मुलगा, ज्या तान्ह्याला तू मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचीस तो, डोक्यात वल्हं बसून इस्पितळात पडलाय. तोही आता साठीचा झालाय. अजून शुद्धीवर नाही. मधोमध पोलिसांची गाडी उभी असते. तिकडचे म्हणतात, मच्छीवाल्यांना जाळू. आपले म्हणतात, भय्यांना दाखवून दिलं. काय दाखवलं? आपल्या होड्यांवर खलाशी तेच होते. होड्या किनाऱ्याला बांधून पडल्यात, समुद्रात जायला माणूस नाही, आणि पोरं नाक्यावर जिंकल्यासारखी फिरतात. ज्या जमिनीसाठी डोकी फोडली तिथं बोंबील वाळवायला आता एकाही घरातली सून तयार नाही.

उद्या पोलिसांत माझा जबाब आहे. खरं सांगितलं तर तिची घरं कदाचित वाचतील. मग मला मात्र या गल्लीत कोणी दारात उभं करणार नाही. नातू बोरीवलीहून मुद्दाम आला. म्हणाला, "आजोबा, तेच बोला हां. आता फिरलात तर आपली वाट लागेल." मी मान डोलावली. या वयात दुसरीकडे कुठे जाऊ? उद्या मी तेच बोलेन, मला ठाऊक आहे. खरं तर या कागदावर आहे ते तिथं लिहून द्यायला हवं. तो कोणाच्या हाती लागायला नको, म्हणून फाडणार आहे.

फाडण्याआधी एक सांगतो. सगळ्यांना वाटतं म्हातारा घाबरून बोलला, आणि मीही तसंच भासवतो. पण त्या दिवशी मला कोणी दम दिला नव्हता. घरात मला जेवलात का, एवढंच विचारतात, तेही उत्तर न ऐकता. त्या दिवशी अख्खा कोळीवाडा गप्प राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला ते आवडलं, आये.