तळातली वाळू

अव्वाच्या पायावर सोमशेखरचं डोकं.

मी बरा हाय, जेवण येळंला मिळतंय. मुरगूडच्या डॉक्टरला गुडघा दाखवलास का?

अप्पा फोनवर सारखं विचारायचे, "तुझं जहाज कसलं रं?" सांगायचं राहिलंच की. मोठ्या लढाईत ही साधी बोट तोफगोळे वाहायची. मागनं तिच्यावर डोलकाठ्या उभ्या केल्या, शिडं चढवली. आता प्रवासी फिरवतो. शिडांच्या वाऱ्यानं कलंडू नये म्हणून तळात वाळूची पोती भरल्यात.

अप्पा गेल्याचा निरोप आला तवा चहूकडं पाणीच हुतं. थोरला ल्योक असून मातीला, खड्ड्यात पयली मूठ टाकायला आलो न्हाई. तळातल्या एका पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर वाळू समुद्रात टाकली. पण वाळू म्हंजे माती न्हवं.

अव्वा, माझ्या वाटणीची माती कुणी दिली, तेवढं कळीव.

तुझा सोमू